थुंकीची डबी, ट्रूनॅट आणि वजनकाटा: सरकारी क्षयरोग तपासणी सेवेचा आमच्या घराने घेतलेला अनुभव

पश्चिम महाराष्ट्रातील यंत्रमागाच्या एका शहरात राहणाऱ्या माझ्या मोठ्या भावाला जानेवारी 2025मध्ये फुप्फुसाचा क्षयरोग असल्याचे निदान झाले आणि जुलैमध्ये त्याचे उपचार पूर्ण झाले. या काळात निदानाच्या आणि उपचार चालू असताना करायच्या जवळजवळ सगळ्या तपासण्या आम्ही जवळून पाहिल्या. बहुतेक सरकारी रुग्णालयात मोफत झाल्या, तर दोन खासगीत पैसे मोजून कराव्या लागल्या. ज्यांच्या घरात हा आजार नुकताच आला आहे, त्यांना कोणत्या तपासणीकडून काय मिळते आणि कशावर विसंबू नये हे आधीच कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. मात्र सहा महिने दर भेटीला मी दादाबरोबर होते आणि प्रत्येक अहवालाचा अर्थ समजल्याशिवाय खिडकीपासून हलायचे नाही, असे मी पहिल्याच आठवड्यात ठरवले होते.

दादाचा खोकला 2024च्या दिवाळीनंतर सुरू झाला. यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाचा खोकला म्हटले की घरचे, शेजारचे आणि डॉक्टरही कापसाच्या धुळीकडे बोट दाखवतात. एका खासगी दवाखान्यात दीड महिना खोकल्याची औषधे आणि प्रतिजैविकांचे दोन कोर्स झाले. त्यानंतर तिथूनच रक्ताची ‘टीबी गोल्ड’ तपासणी लिहून दिली गेली. ती आम्ही केली आणि ती पॉझिटिव्ह आली. ही तपासणी शरीराची क्षयाच्या जंतूशी कधीतरी गाठ पडली आहे एवढेच सांगते, आज आजार आहे की नाही हे सांगत नाही, ही गोष्ट मला नंतर कळली. आपल्या देशात प्रौढांपैकी मोठ्या हिश्श्याच्या शरीरात हा जंतू निद्रिस्त असतो, त्यामुळे आजाराच्या निदानासाठी या अहवालाचा उपयोग जवळजवळ नाहीच. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षयाचे निदान सांगणारे जुने संच तर भारत सरकारने 2012मध्येच बंद केले आहेत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप आणि वजनात घट असेल, तर रक्त देण्याआधी थुंकी द्यावी. एवढी एक गोष्ट आम्हाला नोव्हेंबरमध्ये कळली असती, तर दादाचे दोन महिने वाचले असते.

सरकारी रुग्णालयात पहिल्याच दिवशी छातीचा एक्स-रे काढला आणि थुंकीसाठी दोन डब्या हातात दिल्या, एक तिथल्या तिथे द्यायची आणि दुसरी पहाटे उठल्यावर घरून भरून आणायची. एक्स-रेला जुनी गोष्ट म्हणून बाजूला सारू नये. देशभर 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत असे दिसले की, एक्स-रे काढला नसता तर सापडलेल्या रुग्णांपैकी 42.6 टक्के रुग्ण निसटले असते, कारण त्यांच्यात बाहेरून सांगता येतील अशी लक्षणेच नव्हती. आता हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रे आली आहेत आणि चित्र वाचायला संगणकाची मदत घेतली जाते. अशा वाचनाला जागतिक आरोग्य संघटनेने 2021मध्ये मान्यता दिली आणि त्यातील एक प्रणाली मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीची आहे. दादाच्या एक्स-रेवर उजव्या बाजूला वर पांढरट धूसर डाग होता. तो क्षयाचाच आहे हे मात्र एक्स-रे सांगू शकत नाही, ते थुंकीनेच सांगावे लागते.

थुंकी देण्याविषयी थोडे विस्ताराने सांगते, कारण सगळ्या नव्या यंत्रांचे यश या एका डबीवर अवलंबून आहे आणि ती कशी भरायची हे सांगायला अनेक ठिकाणी कोणी थांबत नाही. दादाची पहिली डबी परत आली. त्यात पातळ, फेसाळ लाळ होती. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ ताई बाहेर आल्या आणि त्यांनी दादाला मागच्या मोकळ्या जागेत नेऊन नीट शिकवले. साध्या पाण्याने चूळ भरायची, दोनदा खोल श्वास घेऊन क्षणभर रोखायचा, तिसऱ्या श्वासाला छातीतून खोकून जो घट्ट बेडका येईल तो थेट डबीत घ्यायचा, झाकण घट्ट लावायचे आणि डबीच्या बाहेर काही लागू द्यायचे नाही. निदान दोन मिलिलिटर हवा. बंद खोलीत किंवा संडासात हे करायचे नाही, उघड्यावर, कोणी जवळ नसताना करायचे. या शिकवणीला चार मिनिटेही लागली नाहीत. दुसरी डबी घट्ट पिवळसर भरली आणि त्याच नमुन्यावर निदान झाले.

आमच्या रुग्णालयात ट्रूनॅट यंत्र आहे. हे यंत्र गोव्यातील मॉलबायो या कंपनीचे असून बंगळुरूच्या बिगटेक या प्रयोगशाळेत त्याचा विकास झाला आणि 2020मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या वापराची शिफारस केली. तंत्रज्ञ ताईंनी मला दाराबाहेरून दाखवले, त्यावरून सांगते. आधी थुंकीत द्रावण घालून ती पातळ करतात, मग एका पेटीत त्यातून जंतूंचे डीएनए वेगळे काढतात आणि त्याचा थेंबभर अंश नखाएवढ्या चिपवर टाकून ती दुसऱ्या पेटीत सरकवतात. साधारण तासाभरात जंतू आहे की नाही हे कळते. असला, तर त्याच डीएनएचा पुढचा थेंब दुसऱ्या चिपवर टाकून रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही हे आणखी तासाभरात समजते. त्या दिवशी दुपारी वीज गेलेली होती आणि पंखे बंद होते, पण यंत्र बॅटरीवर चालूच राहिले. ग्रामीण महाराष्ट्रात हा गुण किती मोलाचा आहे हे ज्यांनी ‘लाइट आल्यावर या’ हे वाक्य ऐकले आहे त्यांना सांगावे लागणार नाही.

मोठ्या ठिकाणी सीबीनॅट हे दुसरे यंत्र असते. त्यात नमुना आणि द्रावण एका काडतुसासारख्या डबीत घातले की पुढचे सगळे यंत्र स्वतः करते आणि दोन तासांच्या आत जंतू आणि रिफॅम्पिसिन या दोहोंचे उत्तर एकदम देते. डिसेंबर 2010मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली, तेव्हापासून क्षयाचे निदान खऱ्या अर्थाने बदलले. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी एका मिलिलिटर थुंकीत ते सुमारे पाच ते दहा हजार असावे लागतात, सीबीनॅटला शे-सव्वाशे पुरतात आणि त्याच्या 2017च्या ‘अल्ट्रा’ आवृत्तीला तर पंधरा-वीसही पुरतात. मात्र त्याला अखंड वीज आणि थंड खोली लागते आणि डबीही महाग आहे. 2012पासून गरीब देशांसाठी ती 9.98 डॉलरला मिळत होती आणि रुग्णांच्या संघटनांनी व डॉक्टरांनी दीर्घकाळ पाठपुरावा केल्यावर सप्टेंबर 2023मध्ये ती 7.97 डॉलर झाली. रुग्णाला सरकारी केंद्रात दोन्ही तपासण्या फुकट आहेत, त्यामुळे ‘माझी ट्रूनॅटवर झाली, सीबीनॅटवर का नाही’ असा खेद कोणी करू नये. दोहोंचे काम एकच आहे.

संध्याकाळी साडेचारला अहवाल हातात आला, त्यात जंतू मध्यम प्रमाणात आढळला होता आणि रिफॅम्पिसिनला प्रतिरोध नव्हता. सकाळी अकराला डबी दिली होती. दोन महिने खासगीत जे कळले नाही, ते साडेपाच तासांत कळले. निदानाच्या या भागाला मी पाचपैकी साडेचार गुण देते.

अर्धा गुण कापला त्याचे कारण आयसोनियाझिड. उपचारातील हे दुसरे मुख्य औषध आहे आणि ट्रूनॅट किंवा नेहमीचे सीबीनॅट त्याविषयी काहीही सांगत नाही. 2014 ते 2016 या काळात झालेल्या राष्ट्रीय औषध-प्रतिरोध पाहणीत नव्या रुग्णांपैकी सुमारे 11 टक्के रुग्णांच्या जंतूंना आयसोनियाझिड लागू पडत नसल्याचे आढळले होते, म्हणजे ही किरकोळ बाब नाही. त्यासाठी दुसरा नमुना ‘लाइन प्रोब’ या जनुकीय तपासणीसाठी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात. ही तपासणी खरे तर दोन-तीन दिवसांची आहे, पण आमचा अहवाल यायला चोवीस दिवस लागले आणि तोही मी तीनदा विचारल्यावर आला. सुदैवाने तो चांगला होता. नसता, तर ते चोवीस दिवस दादाने अपुऱ्या औषधांवर काढले असते. रुग्णाच्या नातेवाइकांनी नमुना गेल्याची तारीख वहीत लिहून ठेवावी आणि दहा दिवसांनी अहवालाची चौकशी करावी.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी औषधे सुरू झाली. दादाचे वजन त्या दिवशी 46 किलो भरले, म्हणून चार औषधे एकत्र असलेल्या तीन गोळ्या रोज एकदम. वजनावरून गोळ्यांची संख्या ठरते, हे इथेच पहिल्यांदा कळले. पहिल्या दिवसापासून लघवी नारिंगी होऊ लागली. हा रिफॅम्पिसिनचा रंग आहे आणि त्याने घाबरायचे नाही, असे आशा ताईंनी आधीच बजावले होते. पुढे घरातल्या घरात आम्हाला तीच एक खूण पुरायची. गोळ्या घेतल्या की नाही, हे वहिनींना विचारावे लागत नसे.

गोळ्या रोज पोटात जातात का यावर लक्ष ठेवण्याच्या नव्या पद्धतीही आल्या आहेत. 99डॉट्स नावाच्या पद्धतीत गोळ्यांच्या पाकिटावर असा कागद असतो की गोळी बाहेर काढल्यावरच मागे लपलेला फोन नंबर दिसतो आणि त्यावर मिस्ड कॉल दिला की त्या दिवसाची नोंद होते. दुसऱ्या पद्धतीत औषधाच्या डबीलाच यंत्र बसवलेले असते, ती वेळेवर वाजते आणि उघडल्याची नोंद पाठवते. या दोन्ही सोयी लांबच्या वाडीवस्तीसाठी किंवा रोज केंद्रावर येऊ न शकणाऱ्या मजुरासाठी उपयोगी आहेत. परंतु डबी उघडली म्हणजे गोळी गिळली असे होत नाही, आणि मळमळ होते, सांधे दुखतात, कंटाळा आला आहे, हे मिस्ड कॉलमधून कोणाला कळत नाही. आमच्याकडे आशा ताई आठवड्यातून दोनदा यायच्या, गोळ्यांची पाकिटे मोजायच्या आणि दादाच्या शेजारी पाच मिनिटे बसायच्या. तिसऱ्या आठवड्यात उलट्यांमुळे दादाने दोन दिवस गोळ्या टाळल्या होत्या. त्याने ते मला सांगितले नव्हते, त्यांना सांगितले.

डोळ्यांवरची देखरेख तर दादाने स्वतःच शोधून काढली. इथॅम्ब्युटॉल या औषधाने क्वचित दृष्टीवर परिणाम होतो आणि लाल-हिरव्यातला फरक आधी पुसट होऊ लागतो, म्हणून डॉक्टर दर महिन्याला रंग ओळखायला सांगायचे. एप्रिलमध्ये दादा कामावर परतला, तेव्हापासून रोज सकाळी माग चालू करण्याआधी तो रंगीत सुताच्या कांड्यांतून एक लाल आणि एक हिरवी उचलून खिडकीपाशी नेऊन पाहायचा, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या. महिन्याच्या भेटीत डॉक्टरांनी विचारले की तो ठामपणे ‘साफ दिसतंय’ म्हणायचा.

आता मुख्य गोष्ट. औषध लागू पडते आहे का, आजार उतरतो आहे का, हे उपचार चालू असताना कसे ओळखायचे? इथे बहुतेक कुटुंबांचा जो गोंधळ होतो, तो आमचाही झाला. जे यंत्र आजार इतक्या अचूकतेने पकडते, तेच यंत्र तो गेला की नाही हेही सांगेल असे साहजिकच वाटते. ते सांगत नाही. ट्रूनॅट आणि सीबीनॅट जंतूचा डीएनए शोधतात आणि मेलेल्या जंतूचा डीएनएही थुंकीत बराच काळ येत राहतो, उपचार संपल्यावर काही महिने, काही रुग्णांत काही वर्षेही. म्हणून उपचारांवर देखरेख ठेवण्यासाठी या तपासण्या वापरू नयेत अशी जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट भूमिका आहे आणि आपला राष्ट्रीय कार्यक्रमही त्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि कल्चर (नमुन्यातील जंतू वाढवून पाहणे) यांच्याकडेच वळतो. अपवाद एकच. दोन महिन्यांनंतरही सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसलेच, तर त्यांच्यात प्रतिरोध निर्माण झाला आहे का हे पाहण्यासाठी यंत्राची मदत पुन्हा घेतात.

हे आम्हाला जूनमध्ये, पाचव्या महिन्यात कळले, आणि ज्या तऱ्हेने कळले तसे कोणाच्या वाट्याला येऊ नये. पहिल्या पावसात दादाला ताप आणि खोकला आला. रविवार होता, म्हणून आम्ही जवळच्या एका खासगी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी क्षयाचे उपचार चालू आहेत हे ऐकून एका खासगी प्रयोगशाळेत थुंकीचे सीबीनॅट करायला पाठवले. दोन हजारांच्या वर पैसे गेले. अहवाल मोबाइलवर आला, ‘जंतू आढळला, अत्यल्प प्रमाणात, रिफॅम्पिसिनबाबत निष्कर्ष नाही’. त्याखाली एक ओळ स्पष्टीकरणाची नव्हती आणि दूरध्वनी केल्यावर ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढेच उत्तर मिळाले. त्या रात्री आमच्या घरात कोणी जेवले नाही. वहिनींनी दादाचे ताट-वाटी पुन्हा वेगळे केले, नऊ वर्षांची मुलगी माझ्याकडे झोपायला आली, आणि दादा पहाटेपर्यंत एकच वाक्य बोलत होता की पाच महिने गोळ्या खाऊन सगळे वाया गेले.

दुसऱ्या दिवशी सरकारी केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांनी अहवाल पाहिला, दादाचे वजन पाहिले, छाती तपासली आणि ही तपासणी या वेळी करायचीच नव्हती असे शांतपणे सांगितले. शेजारी उभ्या असलेल्या तंत्रज्ञ ताई म्हणाल्या, ‘दादा, माणूस गेला तरी रेशनकार्डावरचं त्याचं नाव लगेच जात नाही. मशीन कार्डावरचं नाव वाचतं.’ माझ्या वाचनात नंतर जे काही आले, त्यात याहून नेमके स्पष्टीकरण मला सापडले नाही. थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, जंतू दिसले नाहीत. तरीही खात्रीसाठी कल्चर लावले. ताप साध्या विषाणूचा होता आणि चार दिवसांत उतरला.

कल्चर म्हणजे नमुन्यातील जंतू पोषक द्रवात वाढतात का ते पाहणे. जे वाढते ते जिवंत, म्हणून जंतू जिवंत आहे की मेला हे सांगणारी नेहमीच्या वापरातील ही एकमेव तपासणी. तिचा दोष म्हणजे वेळ. आपल्या आतड्यातला एखादा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो. त्यामुळे द्रव माध्यमात वाढ नाही असे म्हणायला 42 दिवस थांबावे लागते आणि जुन्या घन माध्यमात आठ आठवडे. आमचे बेचाळीस दिवस दादाचे उपचार संपायच्या आठवड्यातच पूर्ण झाले. ‘वाढ नाही’ हा अहवाल आणि शेवटचे गोळ्यांचे पाकीट आम्ही एकाच खिडकीवरून घेतले.

सूक्ष्मदर्शकाची तपासणी दोन महिन्यांनी आणि उपचारांच्या शेवटी करतात. दादाची जानेवारीतील थुंकी ‘दोन अधिक’ होती, म्हणजे भिंगाखालच्या दर क्षेत्रात एक ते दहा जंतू. मार्चमध्ये एकही दिसला नाही. ही तपासणी स्वस्त आहे, तासाभरात होते आणि जंतू भराभर कमी होत असतील तर ते दाखवते. पण तिलाही मेलेला आणि जिवंत यांतला फरक कळत नाही आणि थोडे जंतू उरले असतील तर ते तिच्या नजरेतून सुटतात. आणखी एक अडचण व्यवहारातील आहे. औषध लागू पडले की खोकला आटतो आणि द्यायला थुंकीच येत नाही. मार्चमध्ये दादाने तीन पहाटा घालवल्या, तेव्हा कुठे डबीत दोन मिलिलिटर जमले. पुष्कळ रुग्ण या टप्प्यावर लाळ देऊन मोकळे होतात आणि लाळेचा अहवाल निर्दोष येणारच. शेवटच्या एक्स-रेविषयीही एक सूचना करते. दादाच्या एक्स-रेवर डागाच्या जागी व्रण आजही आहे. तो कायम राहू शकतो आणि त्यावरून आजार चालू आहे असे समजून पुन्हा औषधे सुरू करू नयेत.

या सगळ्यात ज्या साधनावर माझा विश्वास सर्वांत जास्त बसला, ते म्हणजे केंद्रातल्या कोपऱ्यातला वजनकाटा. झारखंडमध्ये क्षयरुग्णांना पोषक आहार देऊन केलेला ‘रेशन्स’ हा अभ्यास 2023मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी कमी दिसला. दादाच्या 46 किलोचे पाच टक्के म्हणजे 2 किलो 300 ग्रॅम. हा आकडा मी जानेवारीतच वहिनींना सांगून ठेवला आणि त्यांनी तो स्वयंपाकघराच्या दारावर खडूने लिहिला. क्षयरुग्णाच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिना 500 रुपये नोव्हेंबर 2024पासून 1000 झाले आहेत, त्यात अंडी, शेंगदाणे आणि अर्धा लिटर दूध बसवले. मार्चच्या मध्यावर काटा 48.6 वर थांबला. मेमध्ये 51.5 झाला, वजनाचा गट बदलला, आणि तीन गोळ्यांच्या चार झाल्या. वजन दर महिन्याला नोंदवले नसते, तर तो अपुरी मात्रा घेत राहिला असता. असे असूनही एका भेटीत तिथल्या कर्मचाऱ्याने काट्याकडे न पाठवता मागच्या महिन्याचाच आकडा कार्डावर उतरवला. मी थांबवले आणि वजन करायला लावले. देखरेखीला मी पाचपैकी तीनच गुण देते, ते अशा गोष्टींमुळे. साधने साधी आहेत, पण ती दर वेळी वापरली जातील याची हमी रुग्णाच्या घरच्यांनाच घ्यावी लागते.

घरातल्या इतरांची तपासणी मात्र तत्परतेने झाली. आई, वहिनी आणि मुलगी यांचे एक्स-रे स्वच्छ आले. शरीरात जंतू निद्रिस्त आहे का हे पाहण्यासाठी वहिनींना पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली सायटीबी ही त्वचेची चाचणी केली. हातावर बारीक टोचतात आणि दोन ते तीन दिवसांनी तिथली कडक सूज मोजतात. जुन्या मँटू चाचणीत बीसीजी लसीमुळे गोंधळ व्हायचा, तो हिच्यात होत नाही. सूज पाच मिलिमीटरहून जास्त होती, म्हणून त्यांना आठवड्यातून एकदा याप्रमाणे बारा आठवडे प्रतिबंधक औषध मिळाले. त्यांना आजार नव्हता आणि आजही नाही.

देखरेखीच्या नव्या पद्धती संशोधनात आहेत आणि त्यांची वाट मी मनापासून पाहते आहे. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात विकसित झालेली एक तपासणी डीएनएऐवजी जंतूचा आरएनए मोजते. जंतू मेला की आरएनए लवकर विरतो, त्यामुळे थुंकीतील जिवंत जंतूंचा अंदाज बेचाळीस दिवसांऐवजी काही तासांत मिळू शकतो. आफ्रिकेतील काही देशांत तिच्या चाचण्या झाल्या आहेत. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात शरीराच्या तीन जनुकांची हालचाल मोजून आजाराचा अंदाज घेण्याचाही प्रयत्न चालू आहे. ज्यांना द्यायला थुंकीच येत नाही त्यांच्यासाठी, विशेषतः लहान मुलांसाठी, ती मोठी सोय ठरेल. थुंकीतील जंतूच्या अनेक जनुकांचे एकदम वाचन करून कोणकोणत्या औषधांना प्रतिरोध आहे हे सांगणारी पद्धत तर जागतिक आरोग्य संघटनेने 2024मध्ये मान्य केली. ती मोठ्या प्रयोगशाळांपुरती न राहता जिल्ह्यापर्यंत पोचली, तर आयसोनियाझिडच्या अहवालासाठी चोवीस दिवस झुरावे लागणार नाही. आरएनए मोजणारी आणि रक्ताच्या थेंबाची तपासणी मात्र नेहमीच्या सेवेत नाही, म्हणून त्यांच्या नावाने कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

उपचार संपले म्हणजे कार्ड बंद झाले असे समजू नये. त्यानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तपासणी करायची असते, कारण आजार उलटायचा असेल तर बहुतेक वेळा याच काळात उलटतो. जानेवारी 2026च्या तपासणीसाठी आम्हाला कोणाचा दूरध्वनी आला नाही, तारीख माझ्या वहीत होती म्हणून गेलो. दादाचे वजन 56 किलो, खोकला नाही, थुंकी जेमतेम आली पण तंत्रज्ञ ताईंनी ती चालेल म्हणून घेतली आणि दुपारी निर्दोष असल्याचा अहवाल दिला. पुढची तारीख जुलैतील आहे. जुने कार्ड, दोन्ही एक्स-रे आणि कल्चरचा अहवाल एका पिशवीत घालून वहिनींनी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवले आहेत, आणि स्वयंपाकघराच्या दारावर आता खडूने तेवढी एक तारीख लिहिलेली आहे.